आन्याना: डोंगरउतारावरची मिठाची खळी

मिठागर म्हटलं की डोळ्यांसमोर खाडी येते, भरतीचं पाणी येतं, सपाट वाफे येतात. आन्यानात यातलं काहीच नाही. सर्वांत जवळचा समुद्र साठेक किलोमीटरवर, मधे डोंगररांग, आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. तरीही इथे सात हजार वर्षांपासून मीठ निघतंय. तेही जमिनीवरच्या वाफ्यांत नाही, तर दरीच्या उतारांवर एकाखाली एक अशा लाकडी खांबांवर उभारलेल्या ओट्यांवर.

या ओट्याला तिथे ‘एरा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये एरा म्हणजे धान्य मळायचं खळं. पुढे मी त्याला खळंच म्हणणार आहे, कारण जुन्या पद्धतीत ते तयारही आपल्या खळ्यासारखंच व्हायचं: माती पसरायची, पाणी मारायचं, चोपून चोपून गुळगुळीत करायची.

गाव उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, आराबा प्रांतात आहे (स्पॅनिशमध्ये आलावा). प्रांताची राजधानी बितोरिया-गास्तेइस इथून साधारण ३० किलोमीटर पूर्वेला. गावाची वस्ती दोनशेच्याही आत. स्पॅनिश नाव सालिनास दे आन्याना, बास्क नाव गेसाल्त्सा. बास्कमध्ये ‘गात्स’ म्हणजे मीठ आणि ‘गेसाल’ म्हणजे खारं पाणी, तेव्हा नावातच सगळं आलं. बास्क प्रदेश म्हटला की हिरवेगार ओले डोंगर आणि धुकं आठवतं, ते उत्तरेकडचं, समुद्राच्या बाजूचं चित्र. आन्याना पाणलोटाच्या, म्हणजे दोन समुद्रांकडे पाणी वाटणाऱ्या डोंगररांगेच्या, दक्षिणेला आहे. इथलं पाणी ओमेसियो नदीतून एब्रोला मिळतं आणि थेट भूमध्य समुद्रात जातं. उन्हाळा कोरडा असतो. हा कोरडा उन्हाळा लक्षात ठेवा, सगळा खेळ त्यावर आहे.

मीठ आलं कुठून? २० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे, जिप्समचे, चिकणमातीचे जाड थर मागे राहिले. त्यांच्यावर पुढे किलोमीटरच्या किलोमीटर खडक साचला. मीठ वरच्या खडकापेक्षा हलकं असतं, आणि प्रचंड दाबाखाली ते घट्ट राहत नाही, अगदी सावकाश वाहू लागतं. फट मिळेल तिथून ते वर सरकतं, येताना वरचे थर उचलतं, वाकवतं, फोडतं. भूगर्भशास्त्रात याला डायपिर म्हणतात. आन्याना अशाच एका डायपिरवर वसलंय. दरीच्या कडेला एका ठिकाणी लालसर माती, थोडं पुढे हिरवट माती, मधेच काळपट कठीण खडक असं सगळं एकमेकांत कालवल्यासारखं दिसतं, ते त्यामुळेच. जवळच आरेओ नावाचा छोटासा तलाव आहे. आकाराने लहान, पण खोली वीस मीटरांहून जास्त. तोही याच विरघळणाऱ्या थरांची देणगी.

पावसाचं गोडं पाणी या डोंगरात मुरतं, खालच्या मिठाच्या थरांतून फिरतं आणि झऱ्यांतून परत वर येतं. बारमाही वाहणारे मुख्य झरे चार, त्यांतला सर्वांत मोठा सांता एनग्रासिया. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, इथे २१० ग्रॅमच्या आसपास. सहापट! या पाण्याला गावात ‘मुएरा’ म्हणतात, आणि दरीतून वाहणाऱ्या ओढ्याचं नावही मुएराच.

आता एक हिशोब करू. झऱ्यांचं पाणी सेकंदाला दोन लिटर धरलं तरी दिवसाला १,७२,८०० लिटर होतं. त्यात ३६ टनांहून जास्त मीठ आहे, आणि ते रोज येतं, पावसाळा-हिवाळा न बघता. म्हणजे आन्यानात मिठाचा तुटवडा कधीच नव्हता. पाणी शोधायची, उपसायची, खणायची गरज नाही. झरे वरच्या अंगाला असल्यामुळे ते आपोआप खाली वाहतं. तुटवडा दोन गोष्टींचा: सपाट जागा आणि ऊन. दरी अरुंद, दोन्हीकडे उतार, आणि पाणी आटवण्याजोगे दिवस वर्षाला जेमतेम पाच महिने. गावाने हजारो वर्षांत जे जे बांधलं, ते या दोन अडचणींवरचं उत्तर आहे. हे ध्यानात घेतलं की दरीतला प्रत्येक खांब का उभा आहे ते कळतं.

सपाट जागा नाही, तर ती बांधायची. उतारावर आधी बिनचुन्याच्या दगडी भिंती रचायच्या. भिंतीच्या पुढे लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आडव्या टाकून पाटण करायची. तिच्यावर चिकणमातीचा थर आणि कडेने पाणी अडवणारा ठेंगणा काठ. एक खळं साधारण १२ ते २० चौरस मीटरांचं, म्हणजे घरातल्या एका खोलीएवढं. यापेक्षा मोठं केलं तर तळ एका पातळीत राखणं अवघड. तळ जरा जरी कलला तरी एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि दुसरा कोरडा पडतो. एका कुटुंबाची खळी, विहिरी, पाट आणि कोठार मिळून एक घटक होतो. त्याच्या खळ्यांचा आकार उताराला जसं जमेल तसा, म्हणून दोन खळी सहसा सारखी नसतात. दुरून पाहिलं तर दरीवर वेड्यावाकड्या तुकड्यांची गोधडी अंथरल्यासारखी दिसते.

खळ्याखालची मोकळी जागा वाया जात नाही. तिथे मिठाचं कोठार असतं. वरच्या खळ्यात एक भोक ठेवलेलं असतं, निथळलेलं मीठ त्यातून थेट खाली कोठारात सोडायचं. म्हणजे हंगामभर मीठ डोक्यावरून वाहायचं काम वाचलं, आणि पावसापासून आसराही मिळाला. ही रचना मला फार आवडते. उतारावर उंची तर आहेच, तिचाच उपयोग करून घेतलाय.

झऱ्यापासून खळ्यांपर्यंत पाणी नेतात ते लाकडी पन्हळींनी. पाइनचं सरळ खोड घ्यायचं, आतून कोरायचं, आणि एकापुढे एक जोडत न्यायचं. या पाटांना ‘रोयो’ म्हणतात. काही जमिनीवरून जातात, काही उंच टेकूंवरून डोक्यावरून. उतार अगदी बेताचा ठेवावा लागतो. पाणी वाहत राहिलं पाहिजे, पण जितकी उंची कमी गमावू तितकी जास्त खळी पाटाच्या खाली येतात. वरच्या अंगाला ‘पार्तिदेरो’ नावाची जागा आहे, तिथे मुख्य पाट फुटतो आणि दोन बाजूंना पाणी विभागून जातं.

लाकूडच का? लोखंड या पाण्यात टिकत नाही. खिळा गंजतो, फुगतो आणि आजूबाजूचं लाकूड फोडतो, वर गंजाचा डाग मिठात उतरतो. म्हणून सांधे लाकडी खुंट्यांचे आणि पाचरांचे. लाकडाला मात्र हे पाणी मानवतं. क्षार आतपर्यंत भिनतात, बुरशी आणि किडीला तिथे जगता येत नाही. खाऱ्या पाण्यात भिजत राहिलेली पन्हळ पिढ्यान् पिढ्या टिकते. पण अट एकच: ती भिजत राहिली पाहिजे. पाणी बंद झालं, की पावसाने हळूहळू क्षार धुतले जातात, लाकूड सुकतं, तडकतं, आणि मग कुजायला वेळ लागत नाही. आन्यानाचा वारसा जपण्यातली सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. दोर बांधून, पाटी लावून ‘हात लावू नका’ म्हणण्याजोगी ही वास्तू नाही. इथे मीठ पिकलं तरच खांब उभे राहतात.

हंगाम मे ते सप्टेंबर. त्याआधी डागडुजी: भिंती सावरायच्या, सैल पाचरी ठोकायच्या, गळक्या पन्हळी बदलायच्या, खळी धुऊन काढायची. हिवाळाभर झऱ्याचं पाणी वाहतच असतं, ते खळ्यांशेजारच्या विहिरींत साठवून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यांना एकाच वेळी पाणी लागलं तरी हाताशी साठा असतो. विहीर खळ्याच्या खालच्या पातळीला असेल तर पाणी उचलायला आडवा दांडा असतो: एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला बादली.

खळ्यात पाणी भरायचं ते थोडकं, काही सेंटिमीटर. जास्त भरलं तर आटायला वेळ लागतो आणि मधेच पाऊस आला तर सगळंच जातं. ऊन आणि वारा दोन्ही हवेत. नुसतं ऊन असून हवा कोंदट असेल तर काम रेंगाळतं. पाणी दाट होत गेलं की आधी पृष्ठभागावर पातळ, तलम पापुद्रे तरंगायला लागतात. वारा पडलेला असेल तर ते चांगले जमतात. हलक्या हाताने वरच्या वर काढले, तर हेच महागाचं मीठ. काढले नाहीत तर वजनाने बुडतात आणि तळाच्या मिठात मिसळतात.

मग येतं ढवळणं. लांब दांड्याला आडवी फळी बसवलेलं एक लाकडी अवजार असतं, त्याने खळ्यातलं पाणी आणि तळाचे स्फटिक अधूनमधून हलवत राहायचं. हे चुकवलं तर मीठ तळाला पापडीसारखं चिकटतं. ती पापडी खरवडताना खळ्याची माती निघते, मीठ मळकं होतं, आणि खळ्यालाही खड्डे पडतात. वेळेवर ढवळलं तर दाणा बारीक, सुटा आणि सारखा येतो.

नवशिका हमखास चुकेल अशी पुढची पायरी म्हणजे मीठ कधी ओढायचं. पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं नाही! खाऱ्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते सर्वांत शेवटी घट्ट होतात आणि चवीला कडू लागतात. थोडं पाणी शिल्लक असतानाच मीठ फळीने ओढून ढीग करायचा, टोपल्यांत भरायचा आणि निथळू द्यायचा. कडवटपणा त्या पाण्याबरोबर वाहून जातो. निथळलं की भोकातून खाली कोठारात. हंगाम संपल्यावर कोठारं रिकामी करून पोती मोठ्या गोदामांत न्यायची. एकेकाळी या कामाला बायका, पुरुष, पोरं, खेचरं, सगळं गाव लागायचं.

गळतीचंही एक सांगायला हवं. पाटण कितीही नीट केली तरी पाणी कुठून ना कुठून झिरपतं. थेंब थेंब पडताना ते खळ्याखाली आणि पन्हळीखाली सुकतं, आणि मिठाचे पांढरे सुळके लोंबायला लागतात, गुहेतल्या चुन्याच्या सुळक्यांसारखे. हे मीठ इतकं शुद्ध आणि कडक असतं की आता ते किसून वापरायचं मीठ म्हणून वेगळं विकलं जातं. नाव ‘चूसो’.

पाण्याच्या वाटणीवर भांडणं होणारच. प्रत्येक घटकाला कोणत्या झऱ्याचं पाणी, कोणत्या दिवशी, किती वेळ, दिवसा की रात्री, याची पाणीपाळी एका मोठ्या वहीत लिहिलेली असे. ‘लिब्रो माएस्त्रो’ हे तिचं नाव. मीठ पिकवणाऱ्या मालकांचा समुदाय हा कारभार बघायचा. जमीन वाटली गेली, मुलाबाळांत आणखी तुकडे पडले, तरी पाणी सामाईकच राहिलं. एकट्याने पाट दुरुस्त करता येत नाही आणि एकट्याने अडवताही येत नाही, त्यामुळे हे टिकलं असावं.

इतिहास सुरू होतो तो मडक्यांपासून. सुरुवातीला इथे ऊन वापरत नव्हते. नवाश्मयुगात खारं पाणी मातीच्या भांड्यांत भरून विस्तवावर आटवत, मग भांडं फोडून मीठ काढत. दरीत फुटक्या खापरांचे थर सापडले ते त्यामुळे. रोमन काळात ही पद्धत मागे पडली आणि उन्हावर आटवणं आलं. जळण वाचलं, पण त्या बदल्यात सपाट जागा लागली, आणि खळी बांधायला तेव्हापासून सुरुवात झाली. याच बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतातल्या लेइन्त्स गात्सागा गावात अगदी उलट झालं. तिथेही खारा झरा आहे, पण पाऊस इतका की उन्हाचा भरवसा नाही. म्हणून ते लोक विसाव्या शतकापर्यंत मोठ्या धातूच्या कढयांत, लाकूड जाळून मीठ आटवत राहिले. पदार्थ तोच, मधे एक पाणलोट, आणि रीत पूर्ण वेगळी.

आन्यानाचा पहिला लेखी उल्लेख ८२२ सालचा, एका मठाच्या दानपत्रातला. ११४० मध्ये राजा आल्फोन्सो सातवा याने गावाला सनद दिली. आजच्या आराबा प्रांतातली सर्वांत जुनी सनदी पेठ म्हणून आन्यानाचं नाव घेतात. आधी मीठ पिकवणारे आसपासच्या वस्त्यांमध्ये विखुरलेले होते, सनदेनंतर एकत्र गाव उभं राहिलं. १५६४ मध्ये राजा फेलिपे दुसरा याने मीठ सरकारी मक्त्यात घेतलं. पिकवायचं गावाने, विकायचं फक्त राजाला, राजाच्या भावाने. हा मक्ता ३०५ वर्षं चालला आणि १८६९ मध्ये सुटला.

मक्ता सुटल्यावर काय झालं, ते दुखरं आहे. विक्री मोकळी झाली, तशी जो तो खळी वाढवू लागला. जिथे जागा नव्हती तिथेही खांब रोवून खळी काढली. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या पाच हजारांच्या वर गेली. त्याच वेळी तळाला मातीऐवजी आधी गोट्यांची फरसबंदी आणि मग सिमेंट आलं. सिमेंट स्वच्छ दिसतं, मीठ पांढरं निघतं, म्हणून सगळ्यांना हवं होतं. पण खालचं लाकूड ओलं-सुकं होताना हलतं आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे तडे जातात. तड्यात खारं पाणी शिरतं, तिथे स्फटिक वाढतात आणि तडा रुंद करतात. मग कोणी जुना थर काढत नाही, त्याच्यावरच नवा ओततो. थरावर थर चढत गेले, वजन वाढत गेलं, आणि मातीचं ओझं पेलायला घातलेल्या तुळया वाकल्या. एक खळं खचलं की त्याच्या आधारावरचं दुसरं जातं.

तोवर यंत्रांनी काढलेलं समुद्राचं स्वस्त मीठ रेल्वेने सगळीकडे पोचलं होतं, आणि बितोरिया नि जवळच्या मिरांदा दे एब्रो शहराच्या कारखान्यांत बारमाही पगार मिळत होता. तरुण निघून गेले. १९८४ मध्ये दरीला सरकारी संरक्षित वारसा म्हणून दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाला म्हणून पाटात पाणी येत नाही. शतकाच्या अखेरीस मोजकीच माणसं मीठ काढत होती आणि बाकीची दरी ढासळत होती.

नंतर जे झालं ते नीट विचारपूर्वक झालं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रांताच्या प्रशासनाने पुरातत्त्व, भूगर्भ, वास्तुकला, वनस्पती अशा सगळ्या बाजूंनी अभ्यास करून आराखडा केला. २००९ मध्ये दरी सांभाळायला एक संस्था स्थापन झाली आणि मालकांनी आपापली खळी तिच्याकडे सोपवली. सिमेंटचे थर उतरवले गेले, भिंती पुन्हा बिनचुन्याच्या रचल्या गेल्या, पन्हळी लाकडाच्याच केल्या. अनुभवी मिठवाल्यांकडून नव्यांनी हात शिकून घेतला. सगळी पाच हजार खळी पुन्हा उभारायचा हट्ट धरला नाही, आणि ते योग्यच केलं असं मला वाटतं. जितक्यांवर मीठ पिकवता येईल तितकीच उभारली तर ती टिकतील. २०१५ मध्ये यासाठी युरोपातला वारसा-जतनाचा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने दरीला जागतिक महत्त्वाच्या कृषी-वारशात घेतलं.

गावात मिठाखेरीज सांता मारिया दे बियाकोनेस हे चर्च आहे, संत जॉनच्या पंथाच्या जोगिणींचा मठ आहे, आणि ईस्टरच्या रविवारी ज्यूडासचा पुतळा जाळायची जुनी प्रथा आहे. दरीच्या खाऱ्या डबक्यांत आर्टेमिया नावाची सेंटिमीटरभर लांबीची कोळंबीसारखी जीवसृष्टी दिसते. एवढ्या खारट पाण्यात मासा जगत नाही, म्हणून तिला खाणारं पाण्यात कोणी नाही. पक्षी मात्र तिच्यासाठी येतात.

जायचं तर बितोरियाहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दरीत वाटाड्याबरोबरच्या फेऱ्या असतात, आधी नोंदणी करून जावं. मीठ ओढताना पाहायचं असेल तर जुलै-ऑगस्ट धरा, आणि टोपी विसरू नका. पांढऱ्या खळ्यांवरून ऊन उलटून डोळ्यांवर येतं. हाताला कुठे कापलं-खरचटलं असेल तर पाण्यात बोट घालण्याआधी विचार करा. झऱ्याच्या पाण्यात हात बुडवून वाऱ्यावर धरलात तर बघता बघता बोटांवर पांढरी साय धरते, आणि चिमटीत चोळली की बारीक कण वाजतात. हिवाळ्यात खळी रिकामी असतात, पण तेव्हाही पार्तिदेरोजवळ उभं राहिलं की लाकडी पन्हळींतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येतो.